‘सगळीकडे तुझं नाव नॉमिनी आहे’ एवढ्यावर थांबू नका

एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात सांगते. यजमान ४६ वर्षांचे, खासगी कंपनीत नोकरीला. ताई घर सांभाळून शिवणकाम करतात. मुलं १५ आणि ११ वर्षांची, सासूबाई सोबत राहतात. फ्लॅट यजमानांच्या एकट्याच्या नावावर, त्यावर कर्ज चालू. हप्ता सोडून घरखर्च महिन्याला साधारण ३५ हजार. शेजारच्या घरातले गृहस्थ अचानक गेले आणि त्यांच्या पत्नीला महिनाभर त्यांच्या खात्यातून रुपयाही काढता आला नाही, हे पाहून ताईंनी यजमानांना आपल्या घरचं विचारलं. उत्तर मिळालं, ‘सगळीकडे तुझं नाव नॉमिनी आहे, काळजी करू नकोस.’ पुढे काही विचारलं की ते चिडतात. ताई विचारतात, नॉमिनी असणं पुरेसं आहे का?

ताई, मी बँकेत ३१ वर्षं नोकरी केली आणि त्यातली शेवटची ११ वर्षं मयत खातेदारांचे दावे माझ्याच टेबलावर यायचे. समोर बसलेल्या बाईच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असायची. पिशवीत पासबुकं, जुन्या एफडीच्या पावत्या, विम्याचे कागद, कधीकधी नवऱ्याचं पाकीटही. आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असायचा, ‘मॅडम, यांचं अजून कुठं काही आहे का हो?’ घरात पैसा नव्हता असं क्वचितच दिसलं. पैसा असायचा, पण तो बायकोच्या हाताला लागायला चार महिने, आठ महिने, कधी दोन वर्षं जायची. तेवढ्या काळात मंगळसूत्र गहाण पडायचं, पोरांची फी थकायची. म्हणून तुम्ही हे आत्ता विचारताय, सगळं ठीकठाक असताना विचारताय, याचं मला फार बरं वाटलं.

तर सरळ उत्तर असं की नॉमिनी हवाच, पण तेवढं पुरत नाही.

नॉमिनी म्हणजे पैसे कुणाच्या हातात द्यायचे ते नाव. ते पैसे शेवटी कुणाच्या मालकीचे, हे मृत्युपत्र ठरवतं, आणि ते नसेल तर वारसा कायदा. सर्वोच्च न्यायालयानं हे १९८४ मध्ये विम्याबद्दल सांगितलं, २०१० मध्ये बँक ठेवींबद्दल सांगितलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सबद्दलही तेच सांगितलं. नॉमिनीला पैसे दिले की बँक तिच्या जबाबदारीतून सुटते. नॉमिनीच्या मागचा वारसांचा हक्क मात्र सुटत नाही. एकाच जागी कायदा बदलला आहे. विमा कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून आयुर्विम्यात आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते पैसे त्यांचेच धरले जातात. बाकी ठिकाणी नॉमिनी हा विश्वस्तासारखा असतो.

आता हे तुमच्या घराला लावून बघा. मृत्युपत्र नसेल आणि तुम्हाला १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागू असेल (बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही तोच लागतो, मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी यांचे नियम वेगळे), तर पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे पहिल्या वर्गातले वारस म्हणजे पत्नी, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांचा वाटा सारखा. म्हणजे तुमच्या फ्लॅटचे चार भाग: तुम्ही एक, मुलं दोन, सासूबाई एक. आई पहिल्या वर्गात आहे, वडील नाहीत, हे ऐकून बँकेत कितीतरी लोक चकित व्हायचे.

सासूबाईंना वाटा मिळतो यात गैर काही नाही, तो त्यांचा हक्कच आहे. पण पुढचं बघा. त्यांच्या पश्चात तो पाव हिस्सा त्यांच्या सगळ्या मुलामुलींकडे आणि गेलेल्या मुलाच्या मुलांकडे जातो. म्हणजे दीर, नणंदा तुमच्या राहत्या घरात हिस्सेदार होतात. त्यांची नियत चांगली असली तरी प्रत्येक कागदावर त्यांच्या सह्या लागतात. आणि मुलांचे दोन हिस्से? मुलं १८ वर्षांची होईपर्यंत त्यांचा हिस्सा विकायचा किंवा गहाण ठेवायचा तर आई असूनही तुम्हाला जिल्हा न्यायालयाची परवानगी काढावी लागते. उद्या हप्ता झेपेना म्हणून मोठा फ्लॅट विकून लहान घ्यायचं ठरवलंत, तरी आधी कोर्टाची पायरी. ही गोष्ट मी अनेक बायकांना सांगितली आहे आणि प्रत्येक वेळी समोरची बाई एकदम गप्प झालेली पाहिली आहे.

यावरचा उपाय स्वस्त आहे. तो म्हणजे मृत्युपत्र. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की घरात अशुभ वारं शिरल्यासारखं होतं, आणि चाळिशीतल्या माणसाला तर ‘मला काय झालंय?’ असंच वाटतं. पण म्हातारपणी मुलं मोठी झालेली असतात, कर्ज फिटलेलं असतं. मृत्युपत्राची खरी निकड मुलं लहान आणि कर्ज मोठं असताना असते, म्हणजे तुमच्या आत्ताच्या वयात.

मृत्युपत्राला स्टँप पेपर लागत नाही. साध्या कागदावर हातानं लिहिलेलंही चालतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधक कार्यालयात करून घ्यावी असं मी सांगते, म्हणजे पुढे ‘ही सही त्याची नाहीच’ असं म्हणायला कुणाला फारशी जागा उरत नाही. अट मुख्यतः एकच: करणाऱ्याची सही दोन साक्षीदारांनी पाहिलेली असावी आणि त्या दोघांनी त्याच्यासमोर सह्या केलेल्या असाव्यात. ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. साक्षीदार वयानं लहान आणि तब्येतीनं ठणठणीत निवडा. एक साक्षीदार डॉक्टर असेल तर फारच उत्तम.

मजकूर फार मोठा नको. साधारण असा:

‘मी, ……, वय ४६, राहणार ……, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, मन व बुद्धी शाबूत असताना करीत आहे. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझ्या पश्चात माझा राहता फ्लॅट क्रमांक …… त्यावरील कर्जासह, तसेच माझ्या सर्व बँक ठेवी, शेअर्स, म्युच्युअल फंड व इतर सर्व स्थावर-जंगम मिळकत माझी पत्नी …… हिला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. ती माझ्या आधी किंवा माझ्यासोबत निवर्तल्यास ही मिळकत माझ्या दोन्ही मुलांना समान मिळावी, व ती सज्ञान होईपर्यंत …… यांनी त्यांचे पालक म्हणून काम पाहावे. माझी आई हयात असेपर्यंत तिला या घरात राहण्याचा हक्क राहील व तिचा औषधपाण्याचा व चरितार्थाचा खर्च या मिळकतीतून व्हावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणी …… यांनी करावी.’

यातलं आईबद्दलचं वाक्य गाळू नका. ते माणुसकीचं आहेच, शिवाय ‘आईला वाऱ्यावर सोडलं’ असं म्हणत मृत्युपत्राला आव्हान देणाऱ्यांची वाटही तिथेच बंद होते. सासूबाईंना हे लपवून करू नका, वाचून दाखवा. वडिलोपार्जित शेतजमीन असेल तर मात्र हा नमुना पुरणार नाही. तिथे वकिलाला कागद दाखवून त्याच्याकडूनच लिहून घ्या. तुमचं मृत्युपत्रही त्याच दिवशी करा. बाईच्या नावावरचं सोनं आणि ठेवी यांचा विचार कुणी करत नाही.

काही जण विचारतील, फ्लॅटच पत्नीच्या नावे करून टाकला तर? महाराष्ट्रात राहतं घर पती, पत्नी किंवा मुलांना बक्षीसपत्रानं द्यायला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, इतर आकार वेगळे. पण कर्ज चालू असताना बँकेची परवानगी लागते. म्हणून आत्ता मृत्युपत्र, कर्ज फिटल्यावर हवं तर दोघांची नावं, असं माझं मत. पुढचं घर घ्याल तेव्हा मात्र पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावावर घ्या.

सोसायटीतला नॉमिनेशन फॉर्म भरलाय का, तेही बघा. तो तीन प्रतींत देतात, त्यातली एक प्रत सोसायटीचा शिक्का मारून परत मिळते. ती प्रत घरात सापडली नाही तर फॉर्म दिलेलाच नाही असं समजून पुन्हा द्या. सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी तात्पुरता सभासद होतो. कायमचं नाव लागायला मृत्युपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी आपसांत ठरवून केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेचा कागद लागतो. म्हणजे इथेही आपण फिरून मृत्युपत्रापाशीच येतो.

आता बँकेकडे वळू, कारण पहिल्या महिन्याची अडचण तिथे असते.

तुमच्या शेजारच्या ताईंचं काय झालं असेल ते मी न बघताही सांगू शकते. पगाराचं खातं एकट्याचं. माणूस गेल्याचं बँकेला कळलं की त्या खात्यातून काढणं थांबतं. कित्येक घरांत मग एटीएम कार्ड वापरतात, पिन ठाऊक असतो म्हणून. पोटासाठीच काढतात, पण खातेदार गेल्यानंतर त्याच्या कार्डानं पैसे काढणं नियमात बसत नाही. माझ्यासमोर एका वहिनींनी अंत्यविधीच्या खर्चासाठी कार्डानं ४० हजार काढले होते आणि दिरानं तेवढ्यावरून लेखी तक्रार दिली. नॉमिनी त्याच होत्या, पैसेही त्यांनाच मिळणार होते, पण तक्रार आली की फाईल अडते. पाच महिने अडली.

हे टाळायचं तर एक खातं दोघांच्या नावावर हवं आणि त्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ अशी सूचना हवी, म्हणजे दोघांपैकी कुणीही चालवू शकेल आणि एक गेला तर उरलेला चालवेल. पासबुकावर बँका हे ‘ई ऑर एस’ असं छापतात. तिथे ‘जॉइंटली’ छापलेलं असेल तर ते संयुक्त खातं ऐनवेळी निरुपयोगी, कारण तिथे गेलेल्याच्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. नुसतं संयुक्त खातं आहे यावर समाधान मानू नका, तो शब्द वाचा. यजमानांचं पगाराचं खातं कंपनीच्या नियमामुळे एकट्याचंच ठेवावं लागत असेल तर राहू द्या. दर महिन्याला पगार झाला की घरखर्चाची रक्कम आपोआप संयुक्त खात्यात जाईल अशी स्थायी सूचना बँकेला द्या.

एफडीच्या बाबतीत आणखी एक खोच आहे. पावती दोघांच्या नावावर, ‘ई ऑर एस’ असली तरी एक गेल्यावर मुदतीआधी मोडायची असेल तर बँक इतर वारसांची संमती मागू शकते. मागू नये असं वाटत असेल तर दोघांनी मिळून ‘एकाच्या पश्चात दुसऱ्याला मुदतपूर्व मोडता येईल’ असं आधीच लिहून द्यायचं. एका ओळीचं काम आहे, पण आमच्याकडे शंभरातल्या पाच जणांनीही ते दिलेलं नसायचं.

याशिवाय तुमच्या एकटीच्या नावावरचं खातं हवं. शिवणकामाचे पैसे त्यात जातात का? जात नसतील तर उद्यापासून घाला. त्यात तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे एक लाखाच्या आसपास, हळूहळू साठवा. यजमानांच्या खात्याला काहीही झालं तरी ही रक्कम तुमच्या सहीनं निघते.

नॉमिनेशन प्रत्येक खात्याचं आणि प्रत्येक पावतीचं वेगळं असतं. बचत खात्याला आहे म्हणून एफडीला लागू होत नाही. पासबुकावर ‘नॉमिनेशन रजिस्टर्ड’ असं छापलेलं दिसलं पाहिजे आणि नाव काय आहे ते विचारून घ्या. कारण ‘सगळीकडे तुझं नाव आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्या नवऱ्यांच्या खात्यांवर मी आईचं नाव पाहिलंय, वारलेल्या वडिलांचं पाहिलंय, लग्न झालेल्या बहिणीचं पाहिलंय. खोटं बोलत नव्हते ते. खातं नोकरी लागली तेव्हा, लग्नाआधी उघडलेलं, आणि पुढे कोण बघतंय! १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात आणि कुणाला किती टक्के तेही लिहिता येतं. घराघरांत एकाच नावावरून होणारी कुजबुज त्यामुळे थांबू शकते.

भविष्य निर्वाह निधीचा नियम अजून कडक आहे. कुटुंब नसताना केलेलं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं, नवीन करावं लागतं. ते आता यूएएनच्या (पीएफ सभासदाच्या क्रमांकाच्या) पोर्टलवर घरबसल्या होतं, आधार आणि फोटो लागतो. यजमानांनी लग्नानंतर केलं आहे का, हे शोधा. पीएफ म्हणजे फक्त साठलेली रक्कम नव्हे. सेवेत असताना सभासद गेला तर त्यामागे ईडीएलआय नावाचा विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत, आणि त्यासाठी पगारातून काही कापलेलं नसतं म्हणून तो कुणाला आठवत नाही. शिवाय पत्नीला आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना पेन्शन असते. पेन्शन फंडात एक महिन्याचं योगदान भरलेलं असलं तरी कुटुंबाला ती लागू होते. कंपनीतली ग्रॅच्युइटी वेगळी, तिचं नॉमिनेशन कंपनीच्या कार्यालयात.

नावाबद्दल मला जरा जास्त सांगायचंय, कारण सर्वाधिक फाईली मी याच एका कारणासाठी परत केल्या आहेत. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलंही. १९९८ साली नवऱ्यानं पॉलिसी काढली तेव्हा नॉमिनीत ‘सुनीता’ लिहिलं, आधारवर ‘सुनिता’ आहे, पॅनवर माहेरचं आडनाव, शाळेच्या दाखल्यावर आणखी तिसरंच. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘आय’ आणि दोन ‘ई’ यांचा फरक. घरच्यांना यात काही वाटत नाही, पण कागद बघणाऱ्या कारकुनासमोर त्या दोन वेगळ्या बायका असतात. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, विवाह नोंदणीचा दाखला. दुःखात असलेल्या बाईला हे सांगताना माझीच जीभ अडखळायची. तुम्ही आजच एक काम करा. तुमचं आधार, पॅन, बँक पासबुक आणि विवाह नोंदणीचा दाखला चारही समोर ओळीनं ठेवा आणि नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. विवाह नोंदणी केली नसेल तर अजूनही करता येते. नंतर हेच सगळं यजमानांच्या कागदांचं करा. मृत्यू दाखल्यावर जे नाव येतं ते बहुतेक वेळा आधारवरून घेतलेलं असतं, आणि बँकेतलं नाव त्याच्याशी जुळावं लागतं.

‘अजून कुठं काही आहे का’ हे शोधायची जागा मी पिशवी उघडणाऱ्या बायकांना दाखवायची, ती तुम्हाला आत्ताच दाखवते. यजमानांचं पासबुक घ्या आणि मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंतच्या नोंदी बघा. ४३६ रुपये आणि २० रुपये अशी वजावट दिसते का? ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, कोणत्याही कारणानं मृत्यू आला तरी २ लाख. २० म्हणजे सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख. दोन्हींचं वर्ष १ जून ते ३१ मे. एका रिक्षावाल्या दादांच्या पश्चात त्यांची पत्नी त्यांचं बचत खातं बंद करायला आली, तेव्हा मला ती ४३६ ची नोंद दिसली होती. खात्यात शिल्लक होती १,१०० रुपये आणि त्यांना मिळाले २ लाख. त्या फक्त ११०० रुपयांसाठी आल्या होत्या. खात्यात मे अखेर शिल्लक नसली की हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो, म्हणून तेवढी शिल्लक ठेवा.

बाकीचं हुडकायला आयकराच्या पोर्टलवर एआयएस नावाचं विवरण असतं. कोणत्या बँकेनं किती व्याज दिलं ते सगळं त्यात येतं, त्यामुळे विसरलेली एफडीही सापडते. म्युच्युअल फंड आणि डीमॅटसाठी पॅनवर एकत्रित खाते विवरण ईमेलवर येतं. आणि दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. त्या बुडत नाहीत, ‘उद्गम’ पोर्टलवर नावानं शोधता येतात. सासरे गेले असतील तर त्यांच्या नावानं शोधून बघा.

पतसंस्थेत ठेव असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही.

कर्जाचं आता. वारसांवर कर्जाची जबाबदारी येते ती मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल तर यजमानांच्या वैयक्तिक कर्जासाठी तुमचे स्वतःचे दागिने किंवा तुमचं खातं कुणी मागू शकत नाही. वसुलीवाला दारात आला म्हणून कोणत्याही नव्या कागदावर सही करायची नाही. पण घर तारण आहे, त्यामुळे हप्ते थांबले की घरावर गदा येते. म्हणून यजमानांचा मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) किती आहे हे सगळ्यात आधी विचारा. हिशोब सोपा आहे. ३५ हजार महिन्याला म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. धाकटं मूल ११ वर्षांचं, ते २३ व्या वर्षी कमावतं होईल असं धरलं तर १२ वर्षं. झाले ५० लाख ४० हजार. महागाई आणि व्याज एकमेकांना साधारण फेडतात असं धरा. त्यात उरलेलं कर्ज मिळवा. एवढ्याचा निव्वळ मुदत विमा हवा, पैसे परत देणाऱ्या पॉलिसींत एवढं संरक्षण परवडत नाही. अर्ज भरताना सिगारेट, साखर, रक्तदाब काहीही लपवू नका. तीन वर्षं पूर्ण झाल्यावर कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, पण त्या तीन वर्षांतच काही झालं तर लपवलेली गोष्टच दावा बुडवते. आणि पॉलिसी काढतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या संपत्ती कायद्याखाली घ्या. एक जादा फॉर्म असतो. मग त्या रकमेला सावकार किंवा बँक कुणीच हात लावू शकत नाही, ती पत्नी आणि मुलांचीच. नंतर हे करता येत नाही.

हे सगळं एका वहीत उतरवा. शंभर पानी वही पुरे. प्रत्येक खात्याला एक पान: बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, कुणाकुणाच्या नावावर, चालवायची पद्धत, नॉमिनीचं नाव जसं नोंदलंय तसंच अक्षरशः, आणि मूळ कागद घरात कुठे आहे. पासवर्ड आणि पिन लिहू नका. एक पान ‘हातउसने’ यासाठी: कुणाला दिले, कुणाकडून घेतले. एक पान, यजमान कुणाला जामीन राहिलेत का, यासाठी. हे पान भरताना बहुतेक नवरे थांबतात. थांबू द्या, पण भरून घ्या.

आणि आता तुमचा खरा प्रश्न, ते चिडतात त्याचं काय?

ताई, ते चिडतात कारण तुमच्या प्रश्नात त्यांना स्वतःचं मरण ऐकू येतं, आणि कदाचित ‘तुमच्यावर विश्वास नाही’ असंही ऐकू येतं. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करू नका, स्वतःपासून करा. तुमच्या खात्याचं पासबुक त्यांच्यापुढे ठेवा आणि म्हणा, ‘माझ्या खात्याला नॉमिनी अजून माझी आईच आहे, ते बदलून तुमचं नाव घालायचंय, चला ना बँकेत.’ तुमचं मृत्युपत्र आधी लिहून त्यांना वाचायला द्या. मी पाहिलंय, बायकोच्या मृत्युपत्राचा कागद हातात घेतलेला नवरा चिडत नाही. तो थोडा वेळ काही बोलत नाही, आणि मग आपली पासबुकं काढायला उठतो.

बँकेत जाताना दोघांचं आधार, पॅन, दोन-दोन फोटो, सगळी पासबुकं आणि एफडीच्या मूळ पावत्या घ्या. सकाळी लवकर जा, पगाराच्या आठवड्यात जाऊ नका. काउंटरवर तीन गोष्टी मागा: प्रत्येक खात्याचं नॉमिनेशन तपासून पासबुकावर छापून द्या, संयुक्त खात्याची पद्धत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून द्या, आणि एफडींसाठी मुदतपूर्व मोडण्याची सूचना नोंदवून पोच द्या. नॉमिनेशनच्या अर्जाचीही पोच मागा, ती द्यायला बँक बांधील आहे. नंतर कधी कुणी ‘साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या’ असं म्हणत राहिलं तर लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. घरी आल्यावर पोचपावत्या त्या वहीतच, ज्या त्या पानाला टाचून ठेवा, आणि वही कुठे असते ते थोरल्या मुलालाही सांगा. पंधरा वर्षांचा आहे, त्याला समजेल.